उजेडासमोर धरलेले कातडे

छायानाट्यातली चामडी बाहुली टेबलावर सपाट ठेवून पाहिली तर ती फारशी लक्ष वेधून घेत नाही. रंग मळकट वाटतात, कडा किंचित वळलेल्या असतात, भोके नुसती भोके दिसतात. तीच बाहुली उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरली की तांबडा रंग पेटतो, हिरवा पातळ आणि ओला दिसू लागतो, आणि मुकुटावरच्या, कंबरपट्ट्यावरच्या भोकांमधून आलेल्या पांढऱ्या ठिपक्यांचे दागिने होतात. तिच्या कर्त्याने तिला पहिल्यापासून उजेडाच्या हिशेबानेच घडवलेले असते. महाराष्ट्रात चामड्याची हातकला म्हटली की प्रथम कोल्हापुरी चप्पल डोळ्यांपुढे येते. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या नावे तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्याविषयी बरेच लिहिलेही गेले. या पुस्तकाने मुद्दाम दुसरी वाट धरली आहे. ते चामडी बाहुल्यांविषयी आहे, आणि त्याहून अधिक त्या हौसेने जमवणाऱ्यांविषयी आहे. या छंदाने कलेचे नुकसान होते, असे अनेक जाणकारांना मनापासून वाटते. माझे मत वेगळे आहे. संग्राहकाने बाहुलीला तिच्या कर्त्यापासून तोडले नाही, तर आजच्या काळात या कलेला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. हे मत कशावर उभे आहे ते या प्रस्तावनेत सविस्तर सांगायचे आहे.

आधी ही बाहुली होते कशी ते पाहू. शेळीचे कातडे कोमट पाण्यात भिजवतात, केस आणि आतल्या बाजूचे मांसाचे पापुद्रे खरवडून काढतात, आणि चौकटीवर ताणून उन्हात वाळवतात. चपलेचे चामडे झाडांच्या साली-फळांनी कमावतात. त्याने ते टिकाऊ होते, पण त्यातून उजेड पार होत नाही. बाहुलीचे कातडे कमावत नाहीत. म्हणूनच ते अर्धपारदर्शक राहते, आणि म्हणूनच ते ओलाव्याला, किड्याला, कोवळ्या उन्हालाही भिते. बाहुलीचे सौंदर्य आणि तिचे नाजूकपण एकाच कारणातून आलेले आहे, ही गोष्ट संग्राहकाने सुरुवातीलाच समजून घ्यावी. वाळलेल्या कातड्यावर टोकदार खिळ्याने किंवा बोरूने आकृती काढतात, कडा काळ्या शाईने बांधून घेतात, आणि लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान लहान छिन्न्यांनी भोके पाडतात. गोल, अर्धगोल, त्रिकोणी, थेंबाच्या आकाराची अशी भोक पाडणारी हत्यारे वेगवेगळी असतात, आणि कोणत्या घराची कोणती हत्यारे आहेत हे नक्षीवरून ओळखता येते. रंग दोन्ही बाजूंनी भरतात, कारण एकाच बाजूने दिलेला रंग उजेडात फिका पडतो. पूर्वी हे रंग वनस्पतींपासून आणि खनिजांपासून करत. आता बाजारातल्या शाया आल्या आहेत. हात, कोपर, मान, कंबर हे तुकडे वेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडतात आणि अंगाच्या मधोमध बांबूची किंवा ताडाची चिरलेली काडी बसवतात. आंध्रातल्या मोठ्या बाहुल्या उंचीला माणसाएवढ्या भरतात. अशा एका बाहुलीला एकाहून अधिक शेळ्यांची कातडी लागतात आणि ती हलवणाऱ्याला पडद्यामागे अक्षरशः नाचावे लागते.

कृती साधारण अशी असली तरी प्रत्येक प्रांताने तिच्यातून वेगळे काही काढले. आंध्र प्रदेशातली तोलू बोम्मलाट आणि कर्नाटकातली तोगलु गोंबेयाट यांच्या बाहुल्या रंगीत आणि उजेड पार करणाऱ्या. केरळच्या तोलपावकूत्तूतल्या आणि ओडिशाच्या रावणछायेतल्या बाहुल्या जाड कातड्याच्या. त्यांची सावली काळी पडते आणि सगळे सौंदर्य कडेच्या रेषेत आणि भोकांत राहते. रावणछायेच्या बाहुल्यांना सांधे नाहीत. त्या लहान आहेत, एकसंध आहेत, आणि तरीही कथा पुढे नेतात. कर्नाटकात पात्राच्या मानाप्रमाणे आकार ठरतो: राजा आणि देव मोठे, सेवक आणि सामान्य माणसे लहान. महाराष्ट्रात ही परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपली आहे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने चित्रकथीची पोथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामडी बाहुल्या एकाच समाजात, कित्येकदा एकाच घरात नांदल्या. पिंगुळीच्या चामडी बाहुल्या आकाराने लहान आहेत. आंध्रातल्या बाहुल्यांशेजारी त्या ठेवल्या तर दोन्हींचे कूळ एक असेल असे पटकन वाटत नाही. मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा धागा मात्र पिंगुळीपुरता नाही. आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या बाहुलीकारांची बहुतेक कुटुंबे घरात मराठीची एक जुनी बोली बोलतात. पडद्यामागून खेळ तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा तमिळमध्ये होतो. चुलीपाशी बोलणे होते ते त्या बोलीत. आपले पूर्वज महाराष्ट्रातून दक्षिणेकडे गेले, असे ही कुटुंबे सांगत आली आहेत. आंध्रातल्या अनंतपूर भागातल्या निम्मलकुंटा गावची बाहुली मराठी संग्राहकाच्या घरात येते तेव्हा ती पूर्णपणे परक्याच्या घरी येत नाही.

आता छंदाकडे वळू. संग्रहाचा आनंद मालकीत असतो असे बाहेरच्याला वाटते. मालकीचा आनंद खोटा नाही, पण तो लवकर विरतो. टिकणारा आनंद तुलनेचा आहे, आणि हाताने घडवलेली वस्तू तुलनेला कधीच कमी पडत नाही. एकच बाहुली जवळ असली तर ती सुंदर आहे एवढेच कळते. त्याच पात्राची दुसरी बाहुली शेजारी आली की प्रश्न सुरू होतात. हिचे डोळे मोठे का? हिच्या हनुवटीची रेषा इतकी सरळ का? या घराने पदराची नक्षी थेंबांनी का काढली आणि त्या घराने गोल भोकांनी का? रावणाचेच उदाहरण घ्या. दहा डोकी एका सपाट कातड्यावर बसवायची, ती उजेडात एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, आणि एवढा भार वाहूनही मान डुलायला हवी, असा कठीण प्रश्न आंध्र आणि कर्नाटकातल्या कारागिराने अंगावर घेतला. इंडोनेशियात जावा बेटावरच्या वायांग कुलित या छायानाट्यात मात्र रावणाला सहसा एकच डोके असते; तिथल्या कारागिराने त्याचा उग्रपणा डोळ्यांच्या, नाकाच्या आणि अंगलटीच्या ठरलेल्या खुणांतून दाखवला. जावाच्या बाहुल्या म्हशीच्या कातड्याच्या. तुर्कस्तानच्या कारागॉझ छायानाट्याला उंटाचे कातडे, चीनमध्ये काही प्रांतांत गाढवाचे तर काही ठिकाणी गाईबैलाचे. ज्या मुलखात जे जनावर पाळले गेले त्याच्या कातड्याने तिथल्या बाहुलीची जाडी ठरवली, जाडीने नक्षी किती बारीक कोरता येईल हे ठरवले, आणि नक्षीने चेहरे घडवले. एकेकटी वस्तू पाहून हे कळत नाही. वस्तू शेजारी शेजारी मांडल्यावर कळते, आणि तशा त्या मांडण्याचे काम संग्राहक करतो.

हे काम मोठ्या संस्थांनीच करावे, हौशी माणसाचे ते नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी या संस्था कशा उभ्या राहिल्या ते पाहावे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, घराचे कोरीव दरवाजे, वाद्ये, म्हणजे त्या काळात ज्यांना कुणी कला म्हणत नव्हते असे पुष्कळ काही त्यांनी गोळा केले. पुढे त्यांनी तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. सरकारी खात्याला अडकित्त्याचे महत्त्व कळण्याआधी काही दशके ते एका छांदिष्ट माणसाला कळले होते. बंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत चामडी बाहुल्यांचा जो मोठा संग्रह आहे, त्यामागेही एम. एस. नंजुंड राव या चित्रकाराची ओढ आहे. जर्मनीतल्या ऑफेनबाख शहरातले चामड्याचे संग्रहालय ह्यूगो एबरहार्ट यांनी १९१७ मध्ये उभे केले. त्या शहरात चामड्याचा धंदा मोठा होता, आणि तिथल्या कारागिरांपुढे जगभरातल्या चांगल्या कामाचे नमुने असावेत हा त्यामागचा हेतू होता. कारागिराला शिकता यावे म्हणून केलेला संग्रह ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पिंगुळीत तर तिची पुढची पायरी दिसते. तिथे परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि आपल्या समाजाच्या जुन्या बाहुल्या व चित्रे तिथे मांडली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे कलाकार आणि संग्राहक एकच आहे. संग्रह म्हणजे बाहेरच्या श्रीमंताने केलेली उचल, असे जे समीकरण मांडले जाते, ते या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की बाहुली पडद्यासाठी असते, आणि भिंतीवर टांगलेली बाहुली मेलेली असते. तिला आवाज नाही, झांज नाही, दिव्याची थरथर नाही. जुनी झालेली, फाटलेली बाहुली विधिपूर्वक पाण्यात सोडायची रीत अनेक बाहुलीकार कुटुंबांत होती. देवाचे रूप धारण केलेल्या वस्तूला त्यांनी माणसासारखाच निरोप दिला. मग ती काचेत डांबून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? या आक्षेपातले अर्धे सत्य मी विनातक्रार मान्य करतो. खेळ ही मूळ गोष्ट आहे आणि बाहुली तिचा एक भाग. ज्या कुटुंबाला आपली बाहुली नदीला द्यायची आहे, त्याच्याकडून ती पैशाच्या जोरावर घेऊ नये. पण आक्षेपाचे उरलेले अर्धे तपासायला हवे. बाहुल्या पाण्यात जात होत्या तेव्हा घरात नव्या बाहुल्या घडत होत्या. कारण गावोगाव खेळ होत होते आणि खेळाचे धान्य-पैसे मिळत होते. विसर्जनाची रीत त्या भरतीवर उभी होती. आधी फिरता सिनेमा आला, मग दूरदर्शन आले, आणि रात्रभर चालणाऱ्या खेळाचा प्रेक्षक पांगला. नवे घडणे थांबले की जुने जाणे हे विसर्जन राहत नाही, तो कायमचा लोप होतो. शिवाय संग्राहकाच्या घरातली बाहुली मुकीच राहिली पाहिजे असा नियम नाही. पांढरे धोतर आणि एक दिवा कोणाच्याही घरात असतो. ज्या संग्राहकाने आपली बाहुली एकदाही पडद्यामागून हलवून पाहिलेली नाही, त्याला आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि इथे संग्राहकांची बाजू मला पूर्णपणे घेता येत नाही. बाहुल्यांचा संच ही एक जोडलेली वस्तू असते. त्यात राम एकदा उभा असतो, एकदा बसलेला, एकदा धनुष्य ताणलेला; झाडे असतात, रथ असतो, हसवणारी जोडी असते. कर्नाटकातला किळ्ळेक्यात, आंध्रातला जुट्टुपोलिगाडू आणि त्याच्याबरोबरची बंगारक्का यांच्याशिवाय एकही रात्र रंगत नाही. विकत घेणारा मात्र येतो आणि दहा तोंडांचा रावण किंवा हनुमान मागतो. तो गेला की संच पांगळा होतो, आणि उरलेल्या पात्रांनिशी रामायण उभे राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे अनेक जुने संच फुटले आणि त्यांतल्या उत्तम बाहुल्या देशोदेशींच्या भिंतींवर एकेकट्या जाऊन बसल्या. हे नुकसान खरे आहे आणि ते संग्राहकांच्याच मागणीने झाले. यावरचा उपाय संग्रह थांबवणे हा नव्हे. मागणीची दिशा बदलणे हा आहे. खेळातल्या जुन्या संचाला हात लावू नये, नवी बाहुली सांगून करून घ्यावी. जुन्याचे वेड असलेल्याला हे पचत नाही, कारण दिव्याच्या काजळीने काळवंडलेल्या बाहुलीत जे आकर्षण असते ते नव्या बाहुलीत नसते. पण विचार करा. जुनी बाहुली विकत घेतल्याने घरातली एक वस्तू कमी होते. नवी सांगितल्याने छिन्नी पुन्हा हातात येते, शेजारी बसलेले पोर ती पाहते, आणि पात्राची मापे, रेषा, दागिन्यांचा क्रम आणखी एका डोक्यात उतरतो. काजळीचा मोह धरणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी: काजळी नव्या कातड्यालाही लावता येते. खरी वापरलेली बाहुली रंगावरून नव्हे, काडीवरून ओळखावी. जिथे पिढ्यान् पिढ्या बोटे बसली तिथे काडी गुळगुळीत झिजलेली असते आणि सांध्यांच्या भोकांना पुन्हा पुन्हा दोरा बदलल्याच्या खुणा असतात.

सांगून करून घेण्याच्या वाटेवर लगेच एक उपप्रश्न उभा राहतो. निम्मलकुंट्यातले कारागीर आज दिव्यांच्या छत्र्या, भिंतीवरची चित्रे, दाराची तोरणे करतात आणि बहुतेकांचे पोट त्यावरच चालते. आंध्रच्या चामडी बाहुलीकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तरीही दुकानात मागणी आहे ती दिव्याच्या छत्रीला. ही अधोगती आहे का? शुद्धतेचा आग्रह धरणारे होय म्हणतात. मला ते कठोर वाटते. छत्रीवर मोर कोरणारा हात तोच आहे, कातडे तेच आहे, आणि आतून येणाऱ्या उजेडाचे तत्त्वही तेच आहे. छत्रीने दर महिन्याचा खर्च भागतो, हे कलेच्या बाजूनेच आहे. छत्रीला मात्र सांधे लागत नाहीत. मान किती सैल बांधायची, कोपराची गाठ कुठे द्यायची म्हणजे हात उचलल्यावर मनगट आपोआप वळेल, हे ज्ञान छत्रीत वापरले जात नाही आणि एका पिढीत विसरले जाऊ शकते. नेमकी हीच उणीव संग्राहक भरून काढू शकतो. बाजार सपाट नक्षी मागतो, त्याने हलणारी बाहुली मागावी. खेळ करता येईल अशी मागावी आणि ती हलवून दाखवायला सांगावी. पुरस्काराने माणसाचा मान होतो, आणि तो व्हायलाच हवा. कर्नाटकातल्या कोप्पळ भागातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना नव्वदी ओलांडल्यावर २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती या सगळ्या समाजाला आपली वाटली असणार. पण पुरस्कार एकदा येतो. वर्षातून दोनदा येणारे, समजून-उमजून काम सांगणारे गिऱ्हाईक वेगळ्या प्रकारचा आधार देते.

कातड्याविषयीचा आक्षेप थोडक्यात सांगतो. जनावराच्या कातड्याची वस्तू घरात नको, असे ज्याला मनापासून वाटते त्याला मी पटवायला जाणार नाही. त्याचा तो विचार आदराने मान्य करावा. ज्याच्या मनात संभ्रम आहे त्याच्यासाठी एवढेच, की आजची बाहुली शेळीच्या कातड्याची असते आणि शेळी मांसासाठी पाळली जाते, कातड्यासाठी नाही. जुन्या बाहुल्यांची गोष्ट निराळी. पूर्वी देवांसाठी आणि थोर वीरांसाठी हरणाचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि अशा जुन्या वस्तूंची खरेदी-विक्रीही अडचणीत आणू शकते. त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी हे दोन्ही कायदे नीट समजून घ्यावेत. नवी बाहुली घेण्याच्या बाजूने हे आणखी एक कारण आहे.

एक गोष्ट याहून खोल जाते. ज्या समाजव्यवस्थेने चामड्याला विटाळ मानला आणि चामड्याचे काम करणाऱ्याला गावाबाहेर ठेवले, त्याच व्यवस्थेतल्या गावाने आपला राम आणि आपली सीता कातड्यातून उमटताना पाहिली, देवळापुढे पाहिली, आणि पाऊस पडावा म्हणून, रोगराई टळावी म्हणून हे खेळ लावले. बाहुली पूज्य होती. ती घडवणारा भटका माणूस मात्र खेळ संपला की पुढच्या गावाला निघायचा, आणि त्याचे नाव कुठे लिहिले जात नसे. देशी-विदेशी संग्रहांत आजही असंख्य बाहुल्यांखाली प्रांत लिहिलेला असतो, अंदाजे शतक लिहिलेले असते, पण कर्त्याचे नाव नसते. मराठी माणसाने या छंदात पडताना निदान हे पाप पुढे चालवू नये. बाहुली घेतली त्या दिवशीच कागदावर लिहावे: पात्र कोणते, प्रसंग कोणता, घडवणाऱ्याचे पूर्ण नाव, घडवणारी असेल तर तिचे, कारण रंग आणि भोके घरातल्या बाया करतात आणि नाव पुरुषाचे लागते, गाव, वर्ष, कातडे, रंग, दिलेली किंमत. शक्य असेल तर त्या पात्राची खेळातली दोन-चार वाक्ये कर्त्याच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. अशी नोंद असलेल्या दहा बाहुल्यांचा संग्रह नोंद नसलेल्या शंभर बाहुल्यांहून मोठा आहे, आणि तो जमवायला श्रीमंती लागत नाही. लहान आकाराची, साध्या पात्राची नवी बाहुली मध्यमवर्गीय माणसाला वर्षाकाठी एखादी परवडू शकते.

पुस्तकातली शेवटची दोन प्रकरणे जपणुकीची आहेत, आणि कोकण-मुंबईच्या वाचकांनी ती आधी वाचावीत असे सुचवतो. न कमावलेले कातडे हवेतला ओलावा पिते आणि वळते. उन्हाळ्यात आकसते आणि रंगाला तडे जातात. म्हणून बाहुली काचेच्या बंद चौकटीत कायमची बसवू नये, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आणि थेट उन्हात टांगू नये. धुतलेल्या सुती कापडाच्या दोन थरांमध्ये ती सपाट ठेवावी, पावसाळा संपला की सावलीत वारा द्यावा, किड्याची भोके दिसली तर ती इतर बाहुल्यांपासून लगेच वेगळी करावी. वळलेली बाहुली घरी इस्त्री फिरवून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये, कारण उष्णतेने कातडे कायमचे आकसते. ती घडवणाऱ्याकडे परत न्यावी. त्याच्याकडे तिची दुरुस्ती होते, सांधे नव्याने बांधले जातात, आणि पुढची बाहुली कोणती करायची याचे बोलणेही तिथेच होते.